वारसा, रूढी आणि मृत्युपत्र : जैन वारसाहक्काची वाटचाल

श्रावकाच्या पाच अणुव्रतांपैकी पाचवे व्रत परिग्रह-परिमाणाचे. संपत्तीची मर्यादा गृहस्थाने हयातीतच आखावी, असे हे व्रत सांगते. मात्र त्या मर्यादेत राहिलेली संपत्ती आपल्या पश्चात कोणाकडे व कशी जावी, हा प्रश्न अनेक घरांत अनुत्तरित राहतो. संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात या प्रश्नाच्या इतिहासाकडे वळून पाहणे उचित ठरेल.

अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात राजस्थान व गुजरातमधून व्यापारानिमित्त अनेक जैन कुटुंबे येऊन स्थायिक झाली. रोजकीर्द आणि खतावणी हा त्यांच्या पेढ्यांचा प्राण होता. १८७५ साली दख्खनच्या दंग्यात पारनेर, श्रीगोंदे, कर्जत व नगर तालुक्यांतील कर्जदार शेतकऱ्यांचा रोख सावकारांच्या कर्जरोख्यांवर होता. कागदाचे वजन घेणारा व देणारा दोघेही जाणत होते. मात्र पै-पैचा हिशेब लिहिणाऱ्या घरांतही पुढील पिढीची वाटणी पुष्कळदा तोंडीच राही.

त्या काळी वारसाहक्काचा एकच एक कायदा नव्हता. नगर, पुणे व खानदेश या भागांत मिताक्षरा आणि व्यवहारमयूख हे दोन्ही ग्रंथ बरोबरीने प्रमाण मानले जात. परप्रांतातून आलेले कुटुंब आपल्या मूळ प्रदेशाचा कायदा सोबत घेऊन येते, असेही न्यायालये गृहीत धरीत.

जैनांची स्वतःची व्यवहारनीतीही होती. भद्रबाहुसंहिता व अर्हन्नीती या ग्रंथांच्या आधारे बॅरिस्टर चंपतराय जैन यांनी १९२६ साली ‘द जैन लॉ’ हा ग्रंथ सिद्ध केला. पतीच्या संपत्तीत विधवेला अग्रस्थान, हे या नीतीचे ठळक वैशिष्ट्य त्यात मांडलेले आहे. परंतु न्यायालयात केवळ ग्रंथ पुरेसा नव्हता. हिंदू कायद्याहून वेगळी रूढी सांगणाऱ्यानेच ती प्राचीन व अखंड असल्याचे सिद्ध करावे, असे मुंबई उच्च न्यायालयाने १८७३ साली एका जैन दत्तक-प्रकरणात ठरविले. उलट उत्तर हिंदुस्थानातील अग्रवाल जैनांच्या प्रकरणात निरनिराळ्या नगरांतील साक्षीदारांच्या जबान्यांवरून रूढी सिद्ध झाली. १८७८ साली प्रिव्ही कौन्सिलने निपुत्रिक विधवेचा पतीच्या स्वकष्टार्जित मिळकतीवरील पूर्ण हक्क मान्य केला. जिथे पुरावा उभा राहिला तिथे स्त्रीला न्याय मिळाला. जिथे तो उभा राहिला नाही तिथे रूढी असूनही उपयोगी पडली नाही.

मृत्युपत्राची कथाही अशीच आहे. १८७० चा हिंदू विल्स कायदा जैनांनाही लागू होता. पण मुंबई इलाख्यात त्याची व्याप्ती प्रामुख्याने मुंबई शहरापुरती होती. त्यामुळे नगरसारख्या ठिकाणी तोंडी मृत्युपत्रही ग्राह्य ठरू शके. १ जानेवारी १९२७ पासूनच्या मृत्युपत्रांना मात्र लेखन, सही व दोन साक्षीदार आवश्यक झाले.

पुढे १७ जून १९५६ रोजी हिंदू वारसा कायदा अमलात आला आणि तो जैनांनाही लागू झाला. मृत्युपत्र न करता पुरुषाचे निधन झाल्यास आई, पत्नी, मुलगे व मुली एकाच वर्गाच्या वारस ठरल्या. स्त्रीच्या मिळकतीवर तिची पूर्ण मालकी आली. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून मुलींना एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्मतः हक्क दिला. मात्र त्यापूर्वी विवाह झालेल्या मुली वगळल्या गेल्या. ९ सप्टेंबर २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने हा भेद संपविला. त्या दिवशी वडील हयात असणे आवश्यक नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले.

कायदा बदलला; घरची रीत तितकी बदलली का? वडिलांच्या निधनानंतर शोकाच्या दिवसांतच बहिणींपुढे हक्कसोडपत्र ठेवले जाते. राजीखुशीने व समजून-उमजून सोडलेला हक्क हा त्याग होय. संकोचाने करून घेतलेली सही अचौर्यव्रतात बसते का, याचा विचार प्रत्येकाने करावा.

यावर उपाय सोपा आहे. सज्ञान व सुबुद्ध व्यक्ती आपली स्वतःची मिळकत, तसेच एकत्र मिळकतीतील स्वतःचा हिस्सा मृत्युपत्राने देऊ शकते. साधा कागद चालतो. मुद्रांक लागत नाही. दोन साक्षीदारांसमक्ष सही करावी व त्यांनीही आपल्यासमक्ष सही करावी. लाभार्थी साक्षीदार नसणे श्रेयस्कर. दुय्यम निबंधकांकडील नोंदणी ऐच्छिक असली तरी उपयुक्त असते. हयातीत मृत्युपत्र कितीही वेळा बदलता येते. शेवटचे ग्राह्य धरले जाते. अंमलबजावणीसाठी विश्वासू व्यवस्थापक नेमावा. बँकेतील ठेवी, शेअर किंवा सोसायटीतील सदनिका यांना नॉमिनी लावल्याने तो मालक होत नाही, हेही ध्यानी असावे. विधवा सून, अविवाहित बहीण वा अपंग अपत्य यांची सोय आणि धर्मादायाचा संकल्प स्पष्ट शब्दांत लिहावा.

सिद्ध न झालेली रूढी आणि न लिहिलेली इच्छा या दोहोंची गत एकच होते. संवत्सरीला एकमेकांना ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणणाऱ्या भावंडांत आपल्या मागे दावा उभा राहू नये, यासाठी लिहिलेला एक कागद हाही परिग्रहाच्या मर्यादेचाच भाग आहे. सुवर्णमहोत्सवी वर्षात प्रत्येक श्रावक-श्राविकेने एवढा संकल्प अवश्य करावा.