भाग ३१ : खटक्यावरची पट्टी

ज्यांना लोकलमध्ये किंवा पीएमटीत आवाज नीट ऐकू येत नाही, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे या भागाचं हे लिखित रूप. रेकॉर्ड करताना एक-दोन आकडे तोंडातून चुकीचे गेले होते, ते इथे दुरुस्त केलेत. बाकी बडबड तीच.

सुरुवात हॉस्टेलपासून करतो. २०१८ साली आमच्या मजल्यावर रात्री दोनपर्यंत पबजी चालायचं. त्यात क्रॉसबो मिळाला की तो कोणालाच नको असायचा. कारण सोपं होतं. बंदुकीने लांबचा माणूस टिपता यायचा, पण क्रॉसबोचा बाण लांब जाता जाता खाली पडायचा. स्कोप लावला, अगदी डोक्यावर नेम धरला, तरी बाण पायाशी. आमचा रूममेट वैतागून म्हणायचा, "स्कोपच खराब आहे रे!"

स्कोप खराब नव्हता. स्कोप सरळ बघतो आणि बाण सरळ जात नाही, एवढीच भानगड आहे. आणि या भानगडीवर माणसाने उत्तर शोधलं ते तब्बल दोन हजार वर्षांपूर्वी, चीनमध्ये. आजचा भाग त्या उत्तराबद्दल आहे. आणि ते उत्तर पुढे कुणाला तरी कोडं म्हणून परत कसं सोडवावं लागलं, त्याबद्दलही.

आधी गणित उरकून घेऊ. घाबरू नका, अकरावीच्या फिजिक्सपुरतंच आहे.

समजा क्रॉसबोचा बाण सेकंदाला १०० मीटर वेगाने सुटला. आजचे चांगले क्रॉसबो साधारण एवढे वेगवान असतातच. हवेचा अडथळा सध्या विसरा. २० मीटर जायला त्याला ०.२ सेकंद लागतात, तेवढ्यात तो सुमारे २० सेंटिमीटर खाली येतो. ४० मीटरला ७८ सेंटिमीटर. ६० मीटरला १७६ सेंटिमीटर, म्हणजे अख्खा माणूस! अंतर दुप्पट झालं की पडणं चौपट होतं. म्हणून अंदाजाने "थोडं वर धरू" हे जवळ चालतं, लांब चालत नाही.

आता यातली गंमत बघा, मला ही फार आवडते. पडणं चौपट होत असलं, तरी धनुष्य वर किती उचलायचं तो कोन चौपट होत नाही. २० मीटरवर २० सेंटिमीटर म्हणजे मीटरमागे १ सेंटिमीटर. ४० मीटरवर ७८ सेंटिमीटर म्हणजे मीटरमागे जवळपास २. ६० मीटरवर जवळपास ३. एक, दोन, तीन! म्हणजे नेम धरायच्या जागी साधी फूटपट्टीसारखी सारख्या अंतराच्या खुणांची पट्टी उभी केली, तरी काम बऱ्यापैकी भागतं.

आजच्या क्रॉसबो स्कोपमध्ये डोकावलं तर हेच दिसतं. एकाखाली एक आडव्या रेघा असतात. सगळ्यात वरची रेघ २० यार्डांची, खाली ३०, ४०, ५०. जितकं लक्ष्य लांब तितकी खालची रेघ त्यावर ठेवायची, की धनुष्य आपोआप तेवढं वर उचललं जातं. नेम जुळवताना आधी धनुष्य टेकूवर स्थिर ठेवतात आणि २० यार्डांवरून तीन बाण मारतात. एकच बाण मारून स्कोप फिरवायचा नाही, कारण चूक तुमच्या हाताची आहे की स्कोपची, हे एका बाणावरून कळत नाही. तीन बाणांचा घोळका कुठे पडला ते बघायचं, स्कोपच्या वरचं आणि बाजूचं बटण क्लिक-क्लिक करत फिरवायचं, आणि घोळका मधोमध आणायचा. एनसीसीत ज्यांनी पॉइंट टू-टू रायफलचं झिरोइंग केलंय त्यांना हे ओळखीचं वाटेल.

पण वरची रेघ पक्की झाली म्हणजे खालच्या झाल्याच, असं नसतं. रेघांमधलं अंतर बाणाच्या वेगावर ठरतं. वेग १० टक्क्यांनी कमी झाला तर कोन जवळपास २३ टक्क्यांनी वाढतो. म्हणून चांगल्या स्कोपवर वेगाची एक कडी असते. ती फिरवून लांबच्या रेघेवर, समजा ४० यार्डांवर, परत तीन बाण मारून बघायचे. तिथेही घोळका जुळला की मधल्या रेघा जुळतात. बाण जड घेतला, दोरी बदलली, की हे सगळं पुन्हा पहिल्यापासून.

हे लक्षात ठेवा : पट्टी एका धनुष्याची असते. दुसऱ्या धनुष्यावर ती निव्वळ नक्षी.

आता चीनकडे वळू.

शिआनजवळची छिन सम्राटाची मातीची फौज तुम्हाला रीलमध्ये तरी दिसलीच असेल. १९७४ मध्ये विहीर खणताना शेतकऱ्यांना सापडली ती. त्या मातीच्या सैनिकांच्या हातात खरे क्रॉसबो होते. लाकूड कुजून गेलं, राहिले ते ब्राँझचे खटके. आपण बंदुकीला खटका म्हणतो तसाच : दोरी अडकवायला दात, खाली बोटाने ओढायची पट्टी, आणि दातांच्या मागे वर आलेला एक उभा तुकडा. या उभ्या तुकड्याला चिनी लोक 'वांगशान' म्हणत. शब्दशः 'डोंगराकडे बघणं'. नेम धरायचा तो याच्यावरून. बंदुकीच्या मागच्या 'साइट'चा हा पणजोबा.

त्यानंतरच्या हान काळात या तुकड्यावर खुणा दिसायला लागतात. हपे प्रांतात मानछंग नावाच्या ठिकाणी १९६८ मध्ये डोंगराच्या पोटात एक कबर सापडली. ल्यू शंग नावाच्या हान राजपुत्राची, तो वारला इ. स. पूर्व ११३ मध्ये. जगभर गाजला तो त्याचा पोशाख : जेडचे २,४९८ तुकडे सोन्याच्या तारेने शिवलेले. साहजिकच सगळे कॅमेरे तिकडे. पण त्याच कबरीत एक क्रॉसबोचा खटका होता आणि त्याच्या वांगशानवर मोजपट्टीसारख्या खुणा होत्या. मला विचाराल तर जेडच्या कोटापेक्षा हा ऐवज भारी.

वापर असा. डोळा पट्टीवरच्या एका खुणेवर, तिथून समोर बाणाचं टोक, तिथून पुढे लक्ष्य. तिन्ही एका रेषेत आणायचे. वरच्या खुणेवरून बघितलं की रेषा जुळवायला धनुष्याचं तोंड वर करावंच लागतं, बाण लांब जातो. खालची खूण जवळच्या लक्ष्यासाठी. स्कोपमध्ये खालची रेघ लांबची आणि इथे वरची खूण लांबची. उलटं वाटतं, पण तत्त्व तेच.

हान काळाच्या शेवटी छेन नावाच्या छोट्या राज्यात ल्यू छोंग नावाचा राजपुत्र होता. त्याच्याबद्दल नोंद अशी की दहा बाण मारले तर दहाही लागायचे आणि दहाही एकाच जागी. इ. स. १८४ मध्ये 'पिवळ्या फेट्यांचं' बंड पेटलं. आजूबाजूचे अधिकारी गावं सोडून पळाले. हा पठ्ठ्या काही हजार क्रॉसबोवाले घेऊन शहराबाहेर तळ ठोकून बसला. त्याच्या नेमबाजीचा लौकिकच एवढा होता की छेनमध्ये कोणी बंड करायची हिंमत केली नाही आणि बाहेरून लाखभर माणसं आसऱ्याला आली. पुढे १९७ मध्ये तो मारला गेला. लढाईत नाही, शेजारच्या सरदाराने मारेकरी पाठवून.

ल्यू छोंगने आपली पद्धत सांगून ठेवली होती, पण कशी? मंत्रासारखी. वर आकाश, खाली जमीन, तिघांची जोड, तीन उभे, तीन आडवे, आणि सगळं मर्म खटक्याच्या दातांत. झालं. एवढंच डॉक्युमेंटेशन. ज्याला येतं त्याला आठवण करून द्यायला पुरेसं, ज्याला येत नाही त्याला शून्य.

आता जवळपास नऊशे वर्षं पुढे या. सोंग काळात शेन ख्वो नावाचा माणूस होता, १०३१ ते १०९५. गणित, खगोल, नकाशे, औषधं, सगळीकडे नाक खुपसणारा. होकायंत्राची सुई अगदी बरोबर दक्षिण दाखवत नाही, किंचित सरकलेली असते, हे त्याने लिहून ठेवलंय. १०७४ मध्ये तो सरकारच्या शस्त्रखात्याचा प्रमुखही झाला होता. पुढे १०८२ मध्ये शी-शिआ राज्याशी झालेल्या लढाईतल्या पराभवाचं खापर त्याच्यावरही फुटलं, पद गेलं, आणि म्हातारपणी एका ओढ्याकाठी बागेत राहून त्याने आठवतील त्या गोष्टी लिहून काढल्या. बोलायला माणूस नाही, लेखणी आणि दौत तेवढी आहे, म्हणून पुस्तकाच्या नावातच 'लेखणीच्या गप्पा'. आमच्या पॉडकास्टचा मूळपुरुषच म्हणा ना!

या पुस्तकात तो सांगतो की हायचौला, म्हणजे आजच्या ल्येनयुनकांगला असताना, तिथे कोणाच्या तरी घरी जमीन खणताना जुना खटका निघाला. त्याचं वांगशान खूप उंच होतं आणि बाजूला पट्टीवर असतात तशा बारीक खुणा होत्या.

जरा थांबून विचार करा. क्रॉसबो हे सोंग सैन्याचं मुख्य हत्यार. हा माणूस शस्त्रखातं चालवलेला. तरी त्या खुणा कशासाठी, हे त्याला कुठल्या मॅन्युअलमध्ये बघता आलं नाही. त्याने ते वस्तूकडे बघून ओळखलं : डोळा खुणेवर, मग बाणाचं टोक, आणि उंची-अंतराचं गणित काटकोन त्रिकोणाचं. आपल्या दहावीच्या भूमितीतली समरूपता. मग त्याने ल्यू छोंगचा मंत्र काढला आणि त्याच नजरेने वाचला. आकाश आणि जमीन म्हणजे फक्त पुढच्या-मागच्या हाताची ठेवण. तिघांची जोड म्हणजे खूण, टोक आणि लक्ष्य. आणि तीन उभे, तीन आडवे? त्या रेघा समोरच्या लक्ष्यावर मारायच्या, बाण किती वर-खाली, किती डावी-उजवीकडे गेला हे मोजायला!

म्हणजे आज स्कोप जुळवताना आपण चौकटी आखलेला कागद लावतो ना, तेच. शेन ख्वोने नुसता तर्क करून सोडला नाही. रेघा आखल्या, बाणाच्या टोकाने नेम धरून बाण सोडले, आणि लिहिलं की दहातले सात-आठ लागले. वर हेही, की खटक्यावर खुणांची पट्टी असेल तर नेम अजून पक्का होईल.

मला खटकतं ते वेगळंच. त्या खटक्याचं लाकूड नव्हतं, दोरी नव्हती. पट्टी होती, पण ती ज्या धनुष्याची होती ते मातीत गेलेलं. तिसरी खूण म्हणजे किती पावलं? ते ज्या सैनिकाने बाण मारून मारून ठरवलं होतं, त्याच्या डोक्यात होतं आणि त्याच्याबरोबर गेलं. शेन ख्वोला तत्त्व परत मिळालं, आकडे नाही.

याच्या बरोबर उलट मी स्वतः केलंय. पहिली नोकरी, नाव सांगत नाही. धावत्या पट्ट्यावरच्या पाकिटांचं वजन करणाऱ्या मशीनचं सॉफ्टवेअर होतं आमचं. कोडमध्ये एका कोपऱ्यात नऊ आकडे, वर कॉमेंट नाही, काही नाही. मी नवा, उत्साही. म्हटलं हे काय भंगार, नऊ आकड्यांऐवजी सरळ रेषेचं एक सूत्र टाकू. टाकलं. रिव्ह्यूमध्ये "क्लीन" म्हणून शाबासकीही मिळाली. हळू पट्ट्यावर सगळं ठीक. जलद पट्ट्यावर वजन तीस-चाळीस ग्रॅमने चुकायला लागलं आणि क्लायंटच्या कारखान्यात तीन दिवस चांगली पाकिटं बाद होत राहिली.

ते आकडे ज्या काकांनी ठरवले होते ते निवृत्त झालेले. फोन केला. ते अजिबात रागावले नाहीत, हसले. म्हणाले, "अरे, एक किलोचं एकच पाकीट घेऊन प्रत्येक स्पीडला वीस-वीस वेळा पाठवलं होतं मी. दोन रविवार गेले होते त्यात. लिहून ठेवायचं राहिलं बघ." माझ्याकडे आकडे होते, तत्त्व नव्हतं. आकडे परत टाकले आणि वर चार ओळींची कॉमेंट लिहिली. त्या काकांचं नावही लिहिलं त्यात.

जाता जाता एक. माझी मावसबहीण साताऱ्याला कंपाउंड धनुष्य चालवते. आदिती स्वामी २०२३ मध्ये बर्लिनला जगज्जेती झाली, तेव्हापासून तिच्या डोक्यात हेच. क्रॉसबो नव्हे, पण साइट जुळवायचं काम तसंच. तिच्या साइटवर कागदाची बारीक पट्टी चिकटवलेली असते, त्यावर अंतरांच्या खुणा. दिवाळीत मी सहज बोट लावायला गेलो तर ओरडली, "दादा, टेपला हात नको!" मग बॅगेतून एक वही काढून दाखवली. त्यात जुन्या पट्ट्या चिकटवलेल्या, प्रत्येकीखाली तारीख, बाणाचं वजन आणि धनुष्याची ओढ किती पौंडांची ते. मी विचारलं, कोणी सांगितलं हे असं ठेवायला? म्हणाली, "कोणी नाही. मागच्या वर्षी पट्टी पावसात भिजली आणि सगळं परत मारत बसावं लागलं. चार दिवस गेले."

चला, भेटू पुढच्या शनिवारी.