कबड्डी : जुने खेळप्रकार आणि वऱ्हाडातील पुरुषांची साप्ताहिक साखळी

कबड्डी : दोन संघांनी आखलेल्या मैदानावर, कोणत्याही साधनाशिवाय खेळायचा दमाचा भारतीय खेळ. महाराष्ट्रातील त्याचे जुने नाव हुतूतू. तमिळनाडूत त्याला सडुगुडु म्हणतात, बंगालमध्ये हाडुडु. पुरुषांच्या कबड्डीचे संजीवनी, गामिनी आणि अमर असे तीन पारंपरिक प्रकार आहेत. चढाई, पकड आणि दम या गोष्टी तिन्हींत सारख्याच असतात. बाद झालेल्या गड्याचे पुढे काय करायचे, याचे उत्तर मात्र प्रत्येक प्रकारात वेगळे आहे. आठवडाभर शेतात, दुकानात किंवा कचेरीत राबून रविवारी मैदानावर येणाऱ्या पुरुषांची साखळी भरवायची, तर हाच प्रश्न आयोजकासमोर सर्वांत आधी उभा राहतो.

संजीवनी : यात बाद झालेला गडी पुन्हा जिवंत होतो. प्रतिस्पर्ध्यांपैकी एक बाद झाला की आपल्या बाहेर बसलेल्यांपैकी एक आत येतो. जुन्या पद्धतीत प्रत्येक संघात नऊ गडी असत. सामना चाळीस मिनिटांचा असे आणि मध्ये पाच मिनिटांची विश्रांती मिळे. समोरचा संपूर्ण संघ बाद केल्यास, म्हणजेच लोण चढवल्यास, चार जादा गुण मिळत. या प्रकारात पारडे सारखे वरखाली होते. दोनच गडी उरलेला संघ एका चांगल्या पकडीने उभा राहू शकतो, म्हणून शेवटच्या मिनिटापर्यंत प्रेक्षक उठत नाहीत. वेळ ठरलेली असल्याने एका मैदानावर लागोपाठ सामने लावता येतात.

गामिनी : यात पुनरुज्जीवन नाही. बाद झालेला गडी आपला सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेरच बसतो. संघ पूर्ण बाद झाला की लोण होतो आणि दोन्ही संघ पुन्हा पूर्ण संख्येने उतरतात. ठरलेले पाच किंवा सात लोण जो आधी चढवील तो जिंकतो. वेळेचे बंधन नसते. या प्रकारात एकेका गड्याची किंमत फार मोठी असते. चढाईपटू उतावीळपणा करत नाही आणि बचाव करणारेही जपून पुढे सरकतात. तोटा असा, की संघातला सर्वांत चांगला गडी पहिल्याच चढाईत सापडला, तर तो लोण होईपर्यंत नुसता पाहत बसतो. शिवाय सामना केव्हा संपेल हे कुणी सांगू शकत नाही. एका मैदानावर चार सामने लावायचे असतील तर गामिनी अडचणीची ठरते. ती आटोपशीर करायची असेल तर लोणांची संख्या आधीच कमी ठरवून घ्यावी लागते.

अमर : यात बाद झालेला गडी बाहेर जातच नाही. त्याला बाद करणाऱ्या संघाला एक गुण मिळतो आणि खेळ आहे त्याच संख्येने पुढे चालतो. सामना वेळेवर संपतो आणि ज्याचे गुण जास्त तो जिंकतो. पंजाबात गोल मैदानावर खेळल्या जाणाऱ्या कबड्डीतही बाद झालेला गडी बाहेर बसत नाही. अमरमध्ये सर्वांना सारखा वेळ खेळायला मिळतो, त्यामुळे नवशिक्यांना हा प्रकार सोयीचा पडतो. गडी कमी होत नसल्याने कोपरारक्षक आणि मध्यरक्षक यांची साखळी सामनाभर टिकते आणि पकडीचा सराव चांगला होतो. मात्र संघ कमी होत जाण्याची धास्ती नसल्याने संजीवनीतली चुरस इथे येत नाही.

नियमांचे एकीकरण : गावोगावी वेगवेगळ्या रीतीने चालणाऱ्या या खेळाला लिखित नियम विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मिळाले. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने नियम बसवण्यात पुढाकार घेतला आणि १९२३ मध्ये बडोद्यात नियम छापले गेले. १९३८ मध्ये कलकत्त्याच्या अखिल भारतीय ऑलिंपिक सामन्यांत कबड्डीचा समावेश झाला. १९५० मध्ये अखिल भारतीय कबड्डी महासंघ स्थापन झाला. पुरुषांची पहिली राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा १९५२ मध्ये मद्रास येथे झाली. महाराष्ट्रात या खेळाच्या संघटनेसाठी आयुष्य वेचणारे शंकरराव तथा बुवा साळवी यांचा जन्मदिवस, १५ जुलै, ‘कबड्डी दिन’ म्हणून साजरा होतो. १९८२ च्या दिल्ली आशियाई क्रीडास्पर्धेत कबड्डीचे प्रात्यक्षिक झाले आणि १९९० मध्ये बीजिंग येथे तिला पदकाच्या खेळाचा दर्जा मिळाला.

आजचा नियमबद्ध खेळ मुख्यतः संजीवनीवर उभा आहे. पुरुषांचे मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद असते. त्यात दोन्ही बाजूंच्या एकेक मीटर रुंदीच्या राखीव पट्ट्या धरलेल्या असतात. मध्यरेषेपासून पावणेचार मीटरवर निदान रेषा असते आणि तिच्या पलीकडे एक मीटरवर बोनस रेषा. संघ बारा जणांचा असला तरी मैदानात सात उतरतात. वीस-वीस मिनिटांचे दोन डाव आणि मध्ये पाच मिनिटांची विश्रांती असते. लोणाचे आता दोन जादा गुण मिळतात. गामिनी प्रकार म्हणून मागे पडली, तरी संपूर्ण संघ बाद करण्याला वेगळे मोल देण्याची तिची रीत लोणाच्या रूपाने टिकली आहे.

वऱ्हाडातील परंपरा : अमरावती आणि अकोला ही वऱ्हाडातील दोन प्रमुख शहरे. अमरावतीत १९१४ मध्ये अंबादासपंत आणि अनंतराव या वैद्य बंधूंनी श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना केली. लाठी, लेझीम, मल्लखांब, कुस्ती आणि देशी मैदानी खेळ यांचे शास्त्रशुद्ध शिक्षण देणारी ही संस्था पुढे शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय चालवू लागली. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने तेथे भारतीय व्यायामप्रकार आणि खेळ यांची प्रात्यक्षिके केली. त्यांत हुतूतूचाही समावेश होता. या खेळाचे परदेशात झालेले हे सर्वांत प्रसिद्ध आरंभीचे दर्शन मानले जाते.

अकोल्यात १९६९ मध्ये पंजाबराव देशमुख यांच्या नावाने कृषी विद्यापीठ सुरू झाले, तर अमरावती विद्यापीठ १९८३ मध्ये स्थापन झाले. त्यामुळे वऱ्हाडातल्या मुलांना आंतरमहाविद्यालयीन सामन्यांचे मैदान घराजवळ मिळाले. दोन्ही शहरांत राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनी आहेत. राष्ट्रीय कबड्डी स्पर्धेत विदर्भाचा संघ महाराष्ट्राच्या संघापेक्षा वेगळा उतरतो. म्हणून इथल्या खेळाडूची निवडीची वाट मुंबई-पुण्याच्या संघांतून जात नाही. त्याला आधी विदर्भातच चमकावे लागते.

साखळीची आखणी : गावोगावच्या कबड्डी स्पर्धा बहुधा बाद पद्धतीने होतात. दोन रात्री दिवे लावून सामने उरकतात, आणि पहिल्याच फेरीत हरलेला संघ एका सामन्यानंतर गाडीत बसून घरी जातो. बाद झालेल्या गड्याचा गामिनीतला प्रश्न इथे संपूर्ण संघापुढे उभा राहतो. साखळी पद्धतीत प्रत्येक संघ प्रत्येकाशी खेळतो, म्हणून हरलेला संघही पुढच्या रविवारी पुन्हा मैदानावर असतो.

सामन्यांची संख्या काढायला सोपे सूत्र आहे. संघांची संख्या, तिच्यातून एक वजा केलेली संख्या, या दोहोंचा गुणाकार करून निम्मे घ्यायचे. सहा संघ असतील तर १५ सामने, आठ असतील तर २८. आठ संघांची साखळी सात रविवारांत संपते आणि दर रविवारी चार सामने होतात. एका सामन्याला विश्रांतीसह पंचेचाळीस मिनिटे लागतात. संघ बदलण्याचा वेळ धरून तासाला एक सामना ठेवला, तर एकाच मैदानावर सकाळच्या चार तासांत दिवस आटोपतो.

जोड्या लावायला चक्राकार पद्धत वापरतात. आठ संघांची नावे दोन ओळींत चार-चार लिहायची आणि समोरासमोरच्या संघांचे सामने लावायचे. पुढच्या रविवारी पहिल्या जागेवरचे नाव तसेच ठेवून बाकीची सात नावे घड्याळाच्या काट्याच्या दिशेने एकेक घर पुढे सरकवायची. सात फेऱ्यांत प्रत्येकाची गाठ प्रत्येकाशी एकदाच पडते. संघांची संख्या विषम असेल तर एक जागा रिकामी धरतात. त्या जागेसमोर येणारा संघ त्या रविवारी विश्रांती घेतो.

गुणतक्ता ठरवताना हरलेल्यालाही झुंज देण्याचे कारण राहील असे पाहावे लागते. २०१४ मध्ये सुरू झालेल्या प्रो कबड्डी लीगने आपल्या पहिल्या अनेक हंगामांत विजयाला पाच, बरोबरीला तीन आणि सात किंवा त्याहून कमी गुणांनी हरलेल्या संघाला एक गुण दिला. स्थानिक साखळीतही ही रीत उपयोगी पडते. वीस गुणांनी मागे पडलेला संघ शेवटची पाच मिनिटे हातपाय गाळत नाही, कारण तूट सातवर आणली तरी तक्त्यात काहीतरी जमा होते. दोन संघांचे गुण सारखे झाले तर मिळवलेल्या आणि गमावलेल्या गुणांतील फरकावर क्रम लागतो.

सर्व रविवारी एकच प्रकार खेळण्याचे बंधन नाही. साखळीचे मुख्य सामने संजीवनीच्या नियमांनी ठेवतात, कारण पुढच्या जिल्हा आणि राज्य पातळीवर तेच नियम लागतात. सुरुवातीचा रविवार अमर प्रकाराला दिला तर प्रत्येक संघाचे सर्व गडी अंग मोकळे करतात आणि कोण कुठे उभा राहतो हे कर्णधाराला कळते. शेवटच्या रविवारी एका लोणाची गामिनी ठेवली तर जुन्या पिढीचा खेळ नव्या पोरांना पाहायला मिळतो, आणि सामना दुपारपर्यंत लांबतही नाही. प्रकार कोणताही असला तरी त्याचे नियम सामन्याआधी दोन्ही कर्णधारांना वाचून दाखवणे हे सरपंचाचे, म्हणजे मुख्य पंचाचे, काम असते. दोन पंच दोन बाजूंना उभे राहतात आणि गुणलेखक मैदानाबाहेर बसतो.

मैदान आणि हंगाम : वऱ्हाडची काळी माती कपाशीला मानवते, कबड्डीला नाही. पावसात ती पायाला चिकटते आणि उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. भेगेत अडकलेला घोटा हंगामभर बरा होत नाही. म्हणून मैदान सपाट करून त्यावर बारीक चाळलेली मऊ माती पसरतात आणि पाणी शिंपडून ती दाबतात. नियमांनाही मऊ, समतल मैदानच अपेक्षित असते. राज्य आणि राष्ट्रीय सामने आता मॅटवर होतात, त्यामुळे फक्त मातीवर खेळलेल्या संघाला तिथे बुटांची आणि वेगाची सवय करून घ्यावी लागते.

सात रविवारांची साखळी शेतीच्या कामांत बसवावी लागते. पेरणी जूनच्या पावसाबरोबर सुरू होते, आणि दिवाळीच्या सुमारास सुरू झालेली कापसाची वेचणी पुढे काही महिने चालते. कपाशी उलंगल्यानंतर आणि ऊन तापण्यापूर्वी मधले जे आठवडे मिळतात, त्यांत सकाळचे सामने सर्वांना सोयीचे पडतात.

अन्य खेळांतील तोड : साप्ताहिक स्पर्धेत बलवान आणि दुबळे एकत्र येणारच, म्हणून प्रत्येक खेळाने त्यावर आपापली तोड काढली आहे. भारतात गोल्फचा क्लब १८२९ मध्ये कलकत्त्यात निघाला, आणि आज जगभरच्या गोल्फ क्लबांत पुरुषांच्या साप्ताहिक स्पर्धा चालतात. त्यांतही प्रकार पालटत राहतात. स्ट्रोक प्लेमध्ये फेरीतला प्रत्येक फटका मोजतात, त्यामुळे एका खड्ड्यावर घसरलेला खेळाडू पूर्ण फेरीत मागे पडतो. मॅच प्लेमध्ये प्रत्येक खड्डा हा स्वतंत्र सामना असतो. स्टेबलफर्ड पद्धत १९३२ मध्ये इंग्लंडच्या वॉलसी क्लबात रूढ झाली. तिच्यात खड्ड्याच्या ठरलेल्या फटक्यांइतकेच लागले तर दोन गुण, एक जास्त लागला तर एक गुण, आणि त्याहून वाईट गेले तर शून्य. त्या खड्ड्यावर कितीही फटके वाया गेले तरी तोटा शून्यावर थांबतो आणि पुढच्या खड्ड्यापासून हिशेब नव्याने सुरू होतो. घसरलेल्याला खेळात टिकवून ठेवण्याचे जे काम कबड्डीत संजीवनी करते, तेच गोल्फमध्ये स्टेबलफर्ड करते.

खेळाडूंतील तफावत भरून काढायला गोल्फमध्ये हँडिकॅप देतात. २०२० पासून लागू असलेल्या जागतिक पद्धतीत खेळाडूच्या मागच्या वीस फेऱ्यांतील सर्वोत्तम आठ फेऱ्यांच्या आधारे तो ठरतो आणि जास्तीत जास्त ५४ पर्यंत जाऊ शकतो. कबड्डीत अशी सवलत गुणांत मिळत नाही. इथे मोजतात ते गड्याचे वजन. वरिष्ठ पुरुषांसाठी मर्यादा ८५ किलोची आहे आणि कुमार गटासाठी त्याहून कमी. साप्ताहिक साखळीत ही मर्यादा पाळायची असेल, तर पहिल्या रविवारी मैदान आखण्याआधी वजनकाटा मांडावा लागतो.