वीज गेल्यावर लॅपटॉपमध्ये मागे चालणारे प्रोग्रॅम कसे आवरावेत?

आपण एकच अर्ज भरत असलो तरी लॅपटॉपमध्ये त्याच वेळी बरीच कामे चालू असतात: अपडेट उतरवणे, फोटो क्लाउडवर चढवणे, व्हायरस तपासणी, बॅकअप. यांना पार्श्वभूमीवरील, म्हणजे पडद्यामागे चालणारे प्रोग्रॅम म्हणतात. चार्जर लावलेला असताना ती खटकत नाहीत. वीज गेली की मात्र बॅटरी संपवतात. ४५ वॅट-तासांची बॅटरी ९ वॅट खर्चाला ५ तास पुरते, तर १५ वॅट खर्चाला ३ तासच.

बुलढाणा जिल्ह्यात सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या संग्रामपूरसारख्या तालुक्यात हा फरक महत्त्वाचा ठरतो. शेतीच्या वाहिनीवर वीज ठरावीक तासच आणि पाळीने मिळते, त्यामुळे शेतवस्तीवर राहणाऱ्या विद्यार्थ्याला बॅटरी जपून वापरावी लागते.

विंडोज ११ मध्ये काय करावे?

१. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणे एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा. 'पॉवर युसेज' या रकान्यात कोणता प्रोग्रॅम जास्त वीज खातो ते दिसते.

२. सेटिंग्जमधील अ‍ॅप्सच्या यादीत त्या अ‍ॅपचे 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स' उघडा आणि पार्श्वभूमीची परवानगी 'नेव्हर' करा. सगळ्याच अ‍ॅपना हा पर्याय नसतो; उरलेले प्रोग्रॅम काम नसेल तेव्हा पूर्ण बंद करा.

३. बॅटरी बचतीचा पर्याय (नव्या आवृत्तीत 'एनर्जी सेव्हर') किती टक्क्यांवर आपोआप सुरू व्हावा ते ठरवा. तो सुरू झाला की स्क्रीन मंद होते आणि मागची बरीच कामे थांबतात.

४. बॅकअपसारखे काम टास्क शेड्युलरमध्ये लावले असेल, तर 'कंडिशन्स'मध्ये 'चार्जर असेल तरच सुरू करा' ही अट आधीपासून लागू असते. वीज गेल्यामुळे हुकलेले काम नंतर आपोआप व्हावे यासाठी 'सेटिंग्ज'मधील, वेळ चुकल्यास शक्य तितक्या लवकर चालवण्याची खूणही करा. नाहीतर बॅकअप दिवसेंदिवस होतच नाही आणि ते लक्षातही येत नाही.

इन्व्हर्टर असेल तर

लॅपटॉपला फक्त चार्जर जोडलेला आहे की नाही एवढेच कळते. ती वीज महावितरणची आहे की इन्व्हर्टरची, हे त्याला कळत नाही. त्यामुळे घर इन्व्हर्टरवर असताना, पंखा आणि दिवा त्याच बॅटरीवर चालू असताना, लॅपटॉप बिनधास्त बॅकअप सुरू करतो. यावर दोन उपाय आहेत. वीज गेली की एनर्जी सेव्हर हाताने सुरू करा. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून तो चार्जर लावलेला असतानाही चालतो. आणि मोठी कामे घड्याळाप्रमाणे, आपल्याकडे वीज हमखास असते त्या तासांतच लावा.

व्हायरसपासून संरक्षण देणारा प्रोग्रॅम मात्र कायमचा बंद करू नका. त्याची पूर्ण तपासणी वीज असतानाच्या वेळेत ठेवली की पुरे.