जर्मनचा गंज आणि मगनवाडीचा प्रश्न

१९३४च्या डिसेंबरात वर्ध्यात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाजांनी दिलेल्या बागेत, मगनवाडीत, त्याचे काम उभे राहिले आणि जे. सी. कुमारप्पांनी ते अर्थशास्त्राच्या शिस्तीने चालवले. हातसडीचा तांदूळ, जात्यावरचे पीठ, घाणीचे तेल, गूळ असा संघाचा मुख्य भर होता. म्हणजे अर्धी चळवळ स्वयंपाकघरातच चालली होती. आज ती आहारसुधारणा म्हणून किंवा स्वदेशीचा पुढचा टप्पा म्हणून आठवली जाते. मला तिच्यातला दुसरा प्रश्न मोलाचा वाटतो: आपण खातो ती वस्तू कोणाच्या हातून होते, आणि ते हात गावातून गेले तर खाणाऱ्याच्या पोटात काय जाते? हा प्रश्न धान्यातेलाला लावला गेला, पण तो भांड्यांनाही तितकाच लागू आहे. कोणता धातू चांगला आणि कोणता वाईट, एवढ्यावर वर्धा जिल्ह्यातल्या भांड्यांचा इतिहास उलगडत नाही. भांडे निर्धोक राहते ते त्याची निगा राखणारा कारागीर हाताशी असेपर्यंत.

जुन्या स्वयंपाकघरात एकाच धातूची सत्ता नव्हती. आंबील आणि कढी मडक्यात, भाकरी लोखंडी तव्यावर किंवा मातीच्या खापरावर, वरणभात कल्हईच्या पितळी गंजात, म्हणजे पातेल्यात. रोडग्यांना तर भांडेच लागत नसे. गोवऱ्यांच्या आरात ते भाजून निघत. पितळ बहुधा बाहेरून येई. भंडाऱ्याची पितळी भांडी विदर्भभर नावाजलेली होती, आणि १८६७ साली मुंबईची रेल्वे वर्ध्यावरून नागपूरला पोचल्यावर दूरच्या मालालाही वाट मोकळी झाली. मडके, तवा आणि कल्हई मात्र जवळच्या माणसाचे काम होते: कुंभार, लोहार, फिरता कल्हईवाला. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. चिंच, ताक, अंबाडी यांच्या आंबटाने हे दोन्ही धातू अन्नात उतरतात, म्हणून आतून कथलाचा थर द्यावा लागतो. भांडे तापवून, नवसागर टाकून, कथील कापसाच्या बोळ्याने झरझर पसरवण्याचे कसब सोपे नाही. कथील २३२ अंशांना वितळते. उष्णता कमी पडली तर ते धरत नाही, जास्त झाली तर जळते. हा थर झिजतो आणि पुन्हा द्यावा लागतो. थोडक्यात, पितळी गंज विकत घेतला म्हणजे व्यवहार संपला असे होत नसे. कल्हईवाल्याशी वर्षानुवर्षांचे देणेघेणे त्याबरोबरच घरात येई.

यावर कोणी म्हणेल की मग जुनेच बरे होते, पितळेकडे परत चला. पुरावा तसे सांगत नाही, आणि तो आपल्याच राज्यातला आहे. लहान मुलांच्या यकृताचा एक जीवघेणा विकार भारतात दीर्घकाळ आढळत होता. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉक्टरांनी ब्रिटिश सहकाऱ्यांबरोबर त्याचा माग काढला, तेव्हा बाळांसाठी पितळी भांड्यात तापवलेल्या व ठेवलेल्या दुधातून जाणाऱ्या तांब्याकडे बोट गेले. १९८३ साली हे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये आले. ती भांडी कल्हईविना होती. कल्हईतही खोट असू शकते: कथील महाग, शिसे स्वस्त, आणि दोन्ही वितळल्यावर सारखीच चमकतात. तेव्हा परंपरा आपोआप रक्षण करते हे म्हणणे टिकत नाही. परंपरेतली निगा सुटली की तेच भांडे अपाय करते.

निगा सुटल्याने पडलेल्या पोकळीत ॲल्युमिनियम शिरले. वीज वापरून ते स्वस्तात काढण्याची रीत १८८६ साली सापडली, आणि १८९८च्या सुमारास आल्फ्रेड चॅटर्टन यांनी मद्रासमध्ये त्याची भांडी करण्याचा उद्योग सुरू केला. पुढे वऱ्हाड-नागपूरकडच्या घरांत ‘जर्मनचा’, म्हणजे ॲल्युमिनियमचा, गंज रुळला तो नुसत्या स्वस्ताईने नाही. तो हलका होता, लवकर तापत होता, कल्हई मागत नव्हता. राख आणि चिंच घेऊन पितळ घासणारे हात बहुतेक बायकांचेच होते. त्यांच्या कष्टांचा हिशेब न मांडता ॲल्युमिनियमला दोष देणे मला अन्यायाचे वाटते. मगनवाडीने हा हिशेब ओळखला होता. तिच्या नावाने पुढे प्रसिद्ध झालेली धुराडे असलेली ‘मगन चूल’ बाईच्या डोळ्यांचा आणि फुप्फुसांचा विचार करूनच घडली.

ॲल्युमिनियमच्या भांड्यांमुळे स्मृतिभ्रंश होतो, अशी भीती पुष्कळ घरांत आहे. ती संशोधनातून सिद्ध झालेली नाही. आंबट किंवा खारट पदार्थ त्यात शिजवून तसाच ठेवू नये, हे मात्र खरे. खरा धोका वेगळ्या जागी आहे. वजनावर विकले जाणारे ओतीव भांडे कोणत्या भंगारातून आले, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते, आणि भंगारात शिसे असू शकते. २०२५ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने आयात भांड्यांतून अन्नात शिसे उतरू शकते असा इशारा दिला. त्यात ‘हिंडालियम’ नावाने विकल्या जाणाऱ्या मिश्रधातूचाही उल्लेख होता. कल्हईवाल्याच्या जागी येथे कोणीच उभा नाही. चूक कोणाला दाखवायची?

म्हणून आज भांडी निवडताना मी निगेपासून सुरुवात करीन. आंबट भाजी, कढी, सार यांसाठी स्टेनलेस स्टील, कारण त्याला कारागीर लागत नाही. तव्याला आणि कढईला लोखंड; त्यात शिजवल्याने थोडे लोह अन्नात उतरते आणि गंज धरू न देणे घरच्या घरी जमते. माती घ्यावी ती बिनझिलईची, कारण स्वस्त चकाकीत शिसे असू शकते. न चिकटणारा लेप असलेले भांडे घेतले तर रिकामे तापवू नये आणि लेप सुटला की टाकून द्यावे. पितळ घ्यायचे तर आधी चांगली कल्हई करणारा शोधावा, मग भांडे.

एवढी काळजी प्रत्येक घराने एकट्याने घ्यावी, ही अपेक्षा अपुरी आहे. १९५५च्या अन्नभेसळ प्रतिबंध नियमांनी नीट कल्हई नसलेली तांब्यापितळेची आणि मानकांत न बसणारी ॲल्युमिनियमची भांडी विक्रीच्या अन्नासाठी अयोग्य ठरवली होती. घरची चूल त्यांच्या कक्षेबाहेर राहिली. २०२४ साली केंद्र सरकारने स्टेनलेस स्टील आणि ॲल्युमिनियमच्या भांड्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे केले. वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगावच्या बाजारात घेणाऱ्याने आता भाव विचारण्याआधी बुडावरचे ते चिन्ह पाहावे, आणि नसेल तर भांडे परत ठेवावे. कल्हईत किती शिसे आहे, हे तपासून देणारी सोय मात्र तालुक्याच्या ठिकाणीही असायला हवी. ग्रामोद्योगाचे नाव घेणाऱ्या संस्थांनी हे काम हाती घेतले, तर ते मगनवाडीच्या कामाशी थेट जुळेल.