दोन पडदे आणि चिनी नट

१५ जून १९५८ रोजी बीजिंगमधील एका लहानशा स्टुडिओतून एक छोटी नाटिका प्रक्षेपित झाली. तेथील दूरचित्रवाणी केंद्र सुरू होऊन त्या वेळी जेमतेम दीड महिना झाला होता. नाटिकेचे नाव होते ‘भाजीच्या पोळीचा एक घास’. उपासमारीचे दिवस विसरलेल्या धाकट्या बहिणीला थोरली बहीण अन्नाचे मोल समजावून देते, एवढेच तिचे कथानक. प्रयोग मुद्रित करून ठेवण्याची सोय नव्हती. नट कॅमेऱ्यापुढे बोलत होते आणि त्याच क्षणी शहरातील मोजक्या संचांवर दिसत होते; प्रयोग संपला आणि तो कायमचा विरून गेला. चीनमधील दूरचित्रवाणी-नाट्याचा इतिहास ह्या विरून गेलेल्या प्रयोगापासून सुरू होतो. ह्या नाटिकेतील नट चित्रपटसृष्टीतून आलेले नव्हते. ते नभोवाणीच्या नाट्यपथकातील होते. लहान पडद्याने आपले पहिले नट उसने आणले, आणि तेही आवाजाच्या दुनियेतून.

पुढच्या साठ-पासष्ट वर्षांत चीनमधील नट लहान पडद्यावरून मोठ्या पडद्यावर आणि मोठ्यावरून लहानावर सतत ये-जा करीत राहिले. ही ये-जा वरवर पाहता कीर्तीचा किंवा पैशाचा खेळ वाटते. परंतु तिच्या इतिहासात एक प्रश्न पुनःपुन्हा डोके वर काढताना दिसतो. नट कोणाचा? ज्या संस्थेने त्याला घडवले तिचा, ज्या प्रेक्षकाने त्याला घरात घेतले त्याचा, की त्याचा स्वतःचा?

नट उसना घेण्याची रीत चीनला नवी नव्हती. १९०५ साली बीजिंगच्या फेंगताई छायाचित्रगृहात ‘दिंगजुन पर्वत’ ह्या संगीत नाटकातील काही प्रवेशांचे चित्रण झाले आणि तोच चीनचा पहिला चित्रपट, असे परंपरेने मानले जाते. कॅमेऱ्यापुढे उभा होता तान शिनपेइ, त्या काळचा अत्यंत नामांकित गायक-नट. ज्याच्या गळ्यावर राजधानी लुब्ध होती त्याचा चित्रपट मुका होता, हा दैवदुर्विलासच म्हणायचा. एका कलेतील कीर्ती दुसरीत नेताना वाटेत काहीतरी गळून पडते, हा धडा चिनी नटाला पहिल्याच दिवशी मिळाला.

१९३०च्या आसपास शांघायमध्ये चित्रपट कंपन्यांचा मोठा व्यवसाय उभा राहिला आणि नटनटी ह्या कंपन्यांशी करारांनी बांधल्या गेल्या. १९४९ नंतर ही व्यवस्था मुळापासून बदलली. चित्रपटनिर्मिती शासनाच्या हाती गेली. शांघाय, बीजिंग, चांगचुन येथील स्टुडिओंना स्वतःची नटमंडळे मिळाली. नट हा आता पगारदार नोकर झाला. १९६२ साली अशा बावीस नटनटींची मोठी छायाचित्रे देशभरच्या चित्रपटगृहांत झळकू लागली. पण चारच वर्षांनी, १९६६ मध्ये, सांस्कृतिक क्रांतीचे वादळ उठले; छायाचित्रे भिंतींवरून उतरली आणि त्यांतील अनेकांच्या वाट्याला छळ आला. भिंतीवर चढवणारी आणि उतरवणारी सत्ता एकच होती. नटाला त्यात मत नव्हते.

१ मे १९७८ रोजी बीजिंग केंद्राचे ‘चीन मध्यवर्ती दूरचित्रवाणी’ असे नामांतर झाले. घरोघरी संच येऊ लागले. १९८१ साली ‘शत्रूच्या छावणीत अठरा वर्षे’ ही नऊ भागांची पहिली मालिका दाखवली गेली. मालिकांची भूक वाढत चालली, पण तिला पुरतील एवढे नट दूरचित्रवाणीपाशी नव्हते. तेव्हा निर्मात्यांनी नाटक कंपन्या, ऑपेरा मंडळे आणि चित्रपट स्टुडिओ ह्यांच्याकडे मागणी करायची, संबंधित संस्थेने काही महिन्यांसाठी नट द्यायचा आणि काम संपताच त्याने आपल्या मूळ जागी परतायचे, अशी पद्धत पडली. ‘उसना नट’ हा त्या काळी केवळ अलंकार नव्हता. तो कारभाराचा भाग होता.

ह्या उसनवारीतून दोन अविस्मरणीय मालिका निर्माण झाल्या. ‘पश्चिमेची यात्रा’ ही १९८६ची, पंचवीस भागांची मालिका ज्या कादंबरीवर आधारलेली आहे, तिचे मूळ आपल्याकडे हर्षवर्धनाच्या काळी आलेल्या ह्युएन त्संगाच्या प्रवासात आहे. महाराष्ट्राचे आणि पुलकेशीचे वर्णन लिहून ठेवणारा तो हाच यात्रिक. मालिकेतील वानरराजाची भूमिका झांग जिनलाय ह्या नटाने केली. त्याच्या घराण्यात ऑपेरातील वानराची भूमिका पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती. ती त्याने इतकी आत्मसात केली, की पुढे चीनच्या दृष्टीने तो आणि वानरराज हे एकच होऊन बसले.

दुसरी मालिका म्हणजे ‘लाल महालाचे स्वप्न’. १९८७ साली तिचे छत्तीस भाग प्रदर्शित झाले. दिग्दर्शक वांग फूलिन ह्यांनी नामवंत चित्रपटतारकांचा मोह टाळला. देशभरातून तरुण मुलेमुली निवडली आणि १९८४ साली बीजिंगच्या जुन्या उन्हाळी राजवाड्याच्या परिसरात त्यांना एकत्र ठेवून कादंबरीचे वाचन, बसणे-उठणे, वाद्य, चित्रकला असे शिक्षण दिले. दुःखी नायिका लिन दायू हिच्या भूमिकेसाठी आन्शानच्या नाटकमंडळीतील चेन शियाओशू हिने आपले छायाचित्र आणि स्वतःची एक कविता पाठवली होती. ती निवडली गेली. मालिका संपली तेव्हा दायूचा चेहरा कसा होता हे कोट्यवधी लोकांना ठाऊक झाले होते, आणि तो चेहरा तिचा होता.

लवकरच बीजिंग स्टुडिओने त्याच कादंबरीवर अनेक भागांचा भव्य चित्रपट काढला. त्यात लिउ शियाओचिंगसारखी अग्रगण्य तारका होती, नायकाची भूमिका ऑपेराच्या परंपरेला अनुसरून एका स्त्रीने केली होती, खर्चात हात आखडता घेतलेला नव्हता. पण प्रेक्षकांच्या मनातील घर आधीच भरलेले होते. चित्रपटगृहात दोन तास भेटणाऱ्या दायूपेक्षा आपल्या खोलीत कित्येक संध्याकाळी येऊन बसलेली दायू त्यांना खरी वाटली. मोठा पडदा लहान पडद्याकडून असा हरला.

ह्या विजयाची किंमत मात्र नटीला मोजावी लागली. चेन शियाओशूने त्यानंतर आणखी एका मालिकेत काम केले आणि मग अभिनयाचा निरोप घेतला. ती जाहिरात व्यवसायात शिरली व यशस्वी झाली. २००७च्या प्रारंभी तिने बौद्ध भिक्षुणीची दीक्षा घेतली आणि त्याच वर्षी १३ मे रोजी कर्करोगाने तिचे निधन झाले. वृत्तपत्रांनी बातमी दिली ती ‘लिन दायू गेली’ अशा भावनेने. वीस वर्षांचे दुसरे आयुष्य, व्यवसाय, संन्यास हे सारे त्या एका भूमिकेच्या सावलीत लोपून गेले. दूरचित्रवाणी नटाला घराघरांत नेते. तेथून बाहेर पडण्याचे दार मात्र ती नेहमीच उघडे ठेवते असे नाही.

तथापि हीच दूरचित्रवाणी काहींना तारकही ठरली. १९७९च्या ‘छोटे फूल’ ह्या चित्रपटाने तांग गुओचियांग हा देखणा तरुण नट लोकप्रिय झाला. पण गोऱ्यागोमट्या नायकांना ‘लोणकढी छोकरा’ अशा अर्थाच्या नावाने हिणवण्याची लाट आली आणि तिचा पहिला बळी तोच ठरला. चित्रपटाने त्याचे रूप घेतले आणि रूपासाठीच त्याला टाकले. १९९४ साली चौऱ्याऐंशी भागांच्या ‘तीन राज्ये’ ह्या मालिकेत त्याला मुत्सद्दी झुगे लियांगची भूमिका मिळाली, आणि १९९९ मध्ये ‘योंगझेंग राजवट’ मालिकेत अहोरात्र कागदपत्रांत बुडालेल्या, संशयाने पोखरलेल्या सम्राटाची. चव्वेचाळीस भागांत त्याला जाणता, थकता, म्हातारा होता आले. दोन तासांच्या चित्रपटाने त्याला एवढा अवकाश क्वचितच दिला असता. लांबी हा मालिकेचा दोष मानला जातो; ह्या नटाच्या बाबतीत ती संधी ठरली.

गे यू ह्या नटाचे उदाहरण ह्याहून विलक्षण आहे. तो नामवंत चित्रपटनटाचा मुलगा; पण नाट्यशिक्षण संस्थांची दारे त्याला उघडली नाहीत. अखेर कामगार संघटनेच्या कलापथकात त्याचा शिरकाव झाला, तोही ग्रामीण भागात डुकरे पाळतानाचा आपला अनुभव साभिनय सादर करून. १९९२ साली ‘संपादकीय कार्यालयाच्या गोष्टी’ ह्या विनोदी मालिकेने त्याचा टक्कल पडलेला, शांत, किंचित उपहासी चेहरा सर्वतोमुखी केला. दोनच वर्षांनी, १९९४ मध्ये, झांग यिमोऊच्या ‘जगणे’ ह्या चित्रपटातील भूमिकेसाठी त्याला कान महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचे पारितोषिक मिळाले. परंतु तो चित्रपट चीनमध्ये प्रदर्शित होऊ दिला गेला नाही. जगाने गे यूला ज्या भूमिकेमुळे ओळखले ती त्याच्या देशबांधवांना चित्रपटगृहात पाहता आली नाही. ते त्याला ओळखत होते ते मालिकेमुळे. एकाच नटाला दोन पडद्यांवर दोन निराळे देश लाभले.

ह्याच काळात दक्षिणेस, ब्रिटिश अमलाखालील हाँगकाँगमध्ये, ही वाट वेगळ्या रीतीने बांधली जात होती. तेथे १९६७ साली ‘टीव्हीबी’ हे खाजगी केंद्र सुरू झाले. त्याच्या संस्थापकांपैकी एक होते रन रन शॉ, म्हणजे शॉ बंधूंच्या विख्यात चित्रपट कंपनीचेच धनी. १९७०च्या दशकाच्या आरंभी केंद्राने नटांसाठी स्वतःचा शिक्षणवर्ग काढला. सामान्य घरांतील मुले तेथे येत, थोडक्या अवधीत चालणे-बोलणे शिकत आणि लगेच मालिकांच्या घाण्याला जुंपली जात. चाउ युन-फॅट, अँडी लाऊ, टोनी ल्युंग, स्टीफन चाउ हे सारे ह्या वर्गाचे विद्यार्थी. १९८०च्या ‘शांघायचा घाट’ मालिकेने चाउ युन-फॅट घराघरांत पोहोचला. तरी त्यानंतर कित्येक वर्षे त्याचे चित्रपट कोसळत होते. ज्याला रोज फुकट पाहतो त्याच्यासाठी तिकीट कशाला काढायचे, हा प्रेक्षकांचा रोकडा हिशेब असावा. १९८६च्या ‘उज्ज्वल उद्या’ ह्या जॉन वूच्या चित्रपटाने तो हिशेब मोडला.

टोनी ल्युंगची कथा आणखी बोलकी आहे. मालिकांत तो चटपटीत संवादांसाठी प्रसिद्ध होता. तैवानचे दिग्दर्शक होउ शियाओ-शिएन ह्यांनी १९८९च्या ‘दुःखाचे नगर’ मध्ये त्याला घेतले, पण त्याला तेथील बोली येत नव्हती. दिग्दर्शकाने पात्रच मूकबधिर केले. वाणी काढून घेतली तेव्हा डोळे बोलू लागले. चित्रपटाला व्हेनिसचा सुवर्णसिंह मिळाला आणि ह्या नटाची पुढली वाट ठरून गेली.

मुख्य भूमीवर १९९०नंतर बाजार आला, तशी स्टुडिओच्या पगाराची बंधने सैल झाली. नट मोकळा झाला. पण मोकळा नट आता भावाने मोजला जाऊ लागला. १९९८च्या ‘मोती राजकन्या’ मालिकेने विद्यार्थिदशेतील झाओ वेइला रातोरात कीर्ती दिली आणि चित्रपटांनी तिला उचलले. एकविसाव्या शतकात चित्रपटगृहे झपाट्याने वाढली. मालिका ही पायरी आणि चित्रपट हे शिखर, असा समज रूढ झाला. मग प्रवाह उलटला. १९८७च्या ‘लाल ज्वारी’ चित्रपटात विद्यार्थिनी गोंग लीने गाजवलेली भूमिका २०१४ साली साठ भागांच्या मालिकेत झोऊ शून ह्या मान्यवर चित्रपटनटीने पत्करली. २०१८ मध्ये ‘रुयी’ ह्या सत्त्याऐंशी भागांच्या राजवाडी मालिकेत, चाळिशी ओलांडल्यावर, ती कोवळी राजवधूही झाली. तारकांचे मानधन एवढे फुगले होते, की नटवर्गाचा खर्च एकूण खर्चाच्या ४० टक्क्यांवर जाऊ नये, असा दंडक २०१७ साली घालावा लागला. भिंतीवरील छायाचित्राच्या जागी आकडा आला होता. त्यावर हात मात्र पुन्हा बाहेरचाच होता.

मालिकांच्या घाईत आणखी एक गोष्ट हरवली होती, ती नटाचा आवाज. अनेक ऐतिहासिक मालिकांत चेहरा एकाचा आणि वाणी दुसऱ्याची असते. हू गे हा अशाच मालिकांतून पुढे आलेला लोकप्रिय नट. २०१९च्या ‘दक्षिणेकडील थांब्याची भेट’ ह्या कान महोत्सवात दाखवल्या गेलेल्या चित्रपटासाठी तो वूहानची बोली शिकला. २०२३च्या अखेरीस ‘शेकडो फुले’ ही शांघायवरील तीस भागांची मालिका आली. दिग्दर्शक होते वाँग कार-वाय, ज्यांचा प्रारंभ हाँगकाँगच्या दूरचित्रवाणीत लेखक म्हणून झाला आणि नाव चित्रपटांत झाले. नायक होता हू गे, जन्माने शांघायचा. मालिकेची एक आवृत्ती शांघायच्या बोलीत निघाली आणि तीत तो आपल्या जन्मभाषेत, आपल्याच आवाजात बोलला.

नभोवाणीच्या नटांनी १९५८ साली सुरू केलेल्या वाटेवर हा टप्पा ६५ वर्षांनी आला. संस्था, सत्ता, बाजार आणि प्रेक्षकांची माया ह्या चौघांनीही नटावर आपापला हक्क सांगितला, आणि प्रत्येकाने त्याला काही दिले तसेच काही हिरावून नेले. पडदा लहान की मोठा, ह्यावर नटाचे मोठेपण ठरले नाही. एका पडद्यावर मिळालेला चेहरा दुसऱ्या पडद्यापाशी उतरवून ठेवण्याची मुभा ज्यांना मिळाली, ते पुढे गेले. ज्यांना ती मिळाली नाही, ते एकाच भूमिकेत अमर झाले. त्या अमरत्वाचा हेवा करण्यापूर्वी चेन शियाओशूची आठवण ठेवणे बरे.