द मेरेचा प्रश्न : स्वतंत्र घटना आणि त्रैराशिक
समजा, फासा चार वेळा टाकायचा आहे. एकदा तरी सहा पडेल, या बाजूने पैज लावाल का? 'एकदा तरी' थेट मोजत बसू नका, 'एकदाही नाही' मोजा. फाशाला मागची फेक आठवत नसते. घटना स्वतंत्र, म्हणून संभाव्यतांचा गुणाकार : ५/६ चा चौथा घात, म्हणजे ६२५/१२९६. उरलेले ६७१ तुमच्या बाजूचे. पास्कलने २९ जुलै १६५४ रोजी फर्माला लिहिलेल्या पत्रात ६७१ आणि ६२५ हेच आकडे आहेत.

त्याच पत्रात शेव्हालिए द मेरे याची तक्रार येते. सहा शक्यतांना चार फेका पुरतात, तर दोन फाशांच्या ३६ शक्यतांना २४ फेकांत 'दोन्हींवर सहा' यायला हवे. गणित मात्र नाही म्हणते! त्रैराशिक कसे सरळ दिसते, नाही? पण ३५/३६ चा चोविसावा घात सुमारे ०.५०८६ येतो. तुमच्या वाट्याला ०.४९१४. पंचविसावी फेक घेतली की ०.५०५५. घातांना त्रैराशिक लागू पडत नाही.

द मेरेला हे जुगारात हरून कळले, असे अनेक पुस्तके सांगतात. मला ते पटत नाही. ०.४९१४ आणि ०.५ यांतला फरक नुसत्या अनुभवाने ओळखायला हजारो डाव लागतील, आणि प्रत्येक डावात २४ फेका.