मोगलाईतला बाजार आणि मलबार हिलचा खून

वहाणा काढू नका, पाय भाजतील. मे महिना आहे, साल १९२५, आणि तुम्ही दिंद्रुडच्या बाजारात उभे आहात. डोक्यावर काहीतरी घ्या, पटका किंवा पदर, जे असेल ते. ऊन टाळूवर बसतंय. समोर वाळलेल्या मिरच्यांची पोती सोडलीत, त्यामुळे पहिला श्वास घेताच ठसका लागेल. लागू द्या. सगळ्यांनाच लागतोय, कुणी तुमच्याकडे बघणार नाही.

थोडं पुढं सरका. मापाडी ज्वारी मोजतोय आणि दरेक पायलीला मोठ्यानं आकडा ओरडतोय, कारण शेजारी बैलाचा सौदा चाललाय आणि तिथला आवाज त्याच्या वर चढतोय. सौदा करणाऱ्या दोघांचे हात उपरण्याखाली आहेत. भाव बोटांवर ठरतो, तोंडानं नुसत्या शिव्या. करडईच्या तेलाचा कुबट वास, जनावरांच्या मुताचा वास, घामाचा वास, त्यात कुठूनतरी गुळाच्या ढेपेचा. तुमच्या दंडाला कुणाचीतरी ओली पाठ घासून जाते. माफी वगैरे कुणी मागत नाही.

तहान लागली असेल. आडावर चला, तिथं पोहरा टाकणारा तुमच्या ओंजळीत पाणी ओतेल. ओतण्याआधी तुम्ही कोण, कुणापैकी, हे तो विचारेल. सरळ ‘पाव्हणा आहे’ म्हणून भागणार नाही. अन् सगळ्यांनाच या आडावर पाणी मिळतं, असंही समजू नका. पलीकडे काही माणसं रिकाम्या घागरी घेऊन, कुणीतरी वरून ओतील म्हणून लांब थांबलीत. ती किती वेळची थांबलीत, हे ओतणाऱ्याला विचारून बघा.

आता गूळ-फुटाणे घ्या आणि एक गंमत बघा. कनवटीचा रुपया काढा, पंचम जॉर्जचं मुंडकं असलेला. दुकानदार तो दगडावर वाजवतो, कान लावून ऐकतो आणि हसतो. “कलदार! इंग्रजीतलं का पाव्हणं?” इथं निजामाचा हाली शिक्का चालतो, चारमिनार छापलेला. सहा कलदारांना साधारण सात हाली, असा हिशेब. मोड देताना तो तुम्हाला हालीच देईल, आणि दोन-चार पैसे त्याच्या बोटांतच राहतील. भांडू नका. हद्द ओलांडली की रुपयाची किंमत बदलते, हे इथल्या पोरासोरांनाही पाठ आहे. तिकडं नगर जिल्हा इंग्रजाचा, इकडं बीड मोगलाईत, म्हणजे निजामाच्या राज्यात. तहसिलीचे कागद उर्दूत, कोर्टाला अदालत म्हणायचं. आणि सीना ओलांडून इकडं आलेला चोर तिकडच्या फौजदाराला नुसता दिसतो, धरता येत नाही.

ही हद्द ध्यानात ठेवा. लिंबाखालच्या पारावर सगळा गलका तिच्याचसाठी चाललाय.

पारावर जागा नाही, पण ढकला, होईल. मधोमध मास्तर बसलेत आणि त्यांच्या हातात मुंबईचं वर्तमानपत्र. ते परभणी स्टेशनापर्यंत आगगाडीनं आलं, तिथून गोदावरी ओलांडून कुणा व्यापाऱ्याच्या गाडीत, हळदीच्या पोत्यावर. म्हणून पिवळं पडलंय आणि आठवडाभर शिळं आहे. त्याचं काही नाही. मास्तर एकेक ओळ वाचतात, थांबतात, चष्मा पुसतात, आणि तेवढ्यात पारावर चार निकाल लागलेले असतात.

खटला बावला खुनाचा. तुम्ही ऐकलाय, पण यांच्या कानांनी पुन्हा ऐका. जानेवारीतली संध्याकाळ, मुंबईची मलबार हिल. अब्दुल कादर बावला, पंचविशीतला धनाढ्य व्यापारी, मुंबईच्या कॉर्पोरेशनचा सभासद, मोटारीतून फिरायला निघालेला. सोबत मुमताज बेगम, इंदूरच्या तुकोजीराव होळकर महाराजांच्या पदरची नाचणारी, जी तिथून निसटली होती. दुसरी मोटार येऊन भिडते, माणसं उड्या टाकतात, गोळ्या सुटतात. बावला मरतो. मुमताजच्या चेहऱ्यावर सुऱ्याचे वार होतात, तिला ओढून न्यायचं असतं. तेवढ्यात गोल्फ खेळून परतणारे गोरे लष्करी अधिकारी तिथं पोचतात, आणि त्यातला एकजण गोल्फच्या काठीनंच हल्लेखोरांवर तुटून पडतो.

“गोल्फ म्हंजी?” मागून प्रश्न.

मास्तर क्षणभर अडखळतात. “त्यांचा विटीदांडू.”

“अन् दांडूनं बंदूकवाल्याला हाणलं?” पार खूश. पुढची पाच मिनिटं खून बाजूला राहतो आणि दांडू कसा धरला असेल, यावर वाद होतो. चिलमीचा धूर तुमच्या डोळ्यांत जातोय. सरकायला जागा नाही.

एक अट मात्र पाळा. निकाल तुम्हाला ठाऊक आहे. न्यायमूर्ती क्रंप तिघांना फाशी सुनावतील, बाकीच्या काहींना जन्मठेप काळ्या पाण्याची. त्यात आनंदराव फणसेही असतील, ज्यांच्या बचावाला बॅरिस्टर जिना उभे आहेत. इथं यातलं अवाक्षर काढायचं नाही. पारावरच्या माणसाचा निकाल आधीच हिसकावून घेणं फार वाईट.

“आरोपी इंदूरचे,” मास्तर वाचतात, “दरबारच्या चाकरीतले.”

इथं पाटील पुढं सरकतात. “मग मुंबईच्या पोलिसानं तेन्ला धरलं कसं? इंदूर कुणाचं? होळकराचं. हद्द हाय का न्हाई?”

प्रश्न रास्त आहे आणि सगळे एकदम बोलतात. कुणी सांगतं, संस्थानातला माणूस हवाली करायचा तर गोऱ्या रेसिडेंटाच्या वॉरंटावर करतात. कुणी म्हणतं, वॉरंटाचं खोटं सांगू नका. नगरकडं बैल चोरून इकडं आलेल्याला मागायचा तर कागद हैदराबादेला जातो, तिथून फिरत फिरत बीडला येतो, तोवर बैलही म्हातारा अन् चोरही. मग इंदुरात येवढी घाई कामून? तुम्हालाही वाटेल, की कायदा एकच असताना कागद कुठं धावतो अन् कुठं रांगतो. मला विचाराल तर पारावरच्या या बैलवाल्याला १९०३चा प्रत्यार्पणाचा कायदा वकिलापेक्षा बरा कळला होता.

आता जरा मागं बघा. घोंगडं खांद्यावर टाकलेला एक धनगर इतका वेळ गप्प होता. तो उठतो. “परळीला वैजनाथाचं देऊळ कुणी बांधून काढलं? अहिल्यामायनं. ती चौंडीची, सीनाकाठची, आमच्या घरची. तिच्या गादीवरचा राजा बाईपायी खून पाडील? गादी मोडायची म्हून इंग्रजानं रचलंय हे.”

“गादी अहिल्याबाईची, पर बसला तो काय अहिल्याबाई न्हाई,” पाटील म्हणतात. कुणीतरी हसतं. धनगर हसत नाही. “फासावर जाईल तो चाकर. धन्याचं बोट कुणाला दिसतंय?”

पलीकडे भाजीच्या पाट्यांपाशी बसलेल्या एका म्हातारीनं सगळं ऐकलंय. ती कांद्याची पात झटकत विचारते, “त्या पोरीनं काय सांगितलं कोर्टात, ते वाचा की.”

मास्तर शोधतात. मुमताजनं सांगितलं, मला इंदुरात राहायचं नव्हतं. मला मुलगी झाली होती, दाईनं ती मारली. मास्तर हे वाक्य घाईनं वाचतात आणि पुन्हा वॉरंटाकडे वळतात. पार त्यांच्यामागं वळतो. म्हातारी नाही. “लेक मारली त्याचा खटला कुठल्या हद्दीत चालतो?” ती विचारते, आणि उत्तराची वाट न बघता गिऱ्हाइकाला कांदे मोजून देते, वर एक जास्तीचा.

ऊन कलतंय, पण झळ तशीच आहे. गाड्या जुंपायला लागल्यात, घुंगरांचा आवाज वाढलाय, धुळीनं दात करकरतायत. मास्तरांनी अंक घडी केलाय. आणि आता सगळ्यांच्या नजरा तुमच्याकडे वळल्यात, कारण कलदारवाला पाव्हणा म्हणून तुमची वर्दी केव्हाच इथवर पोचलीय.

“पाव्हणं, तुम्ही तिकडचे,” धनगर विचारतो. “महाराजाला उभं करत्याल का त्या कोर्टात?”

अट आठवा. पण हा निकालाचा प्रश्न नाही, म्हणून चालेल. तुम्हाला ठाऊक आहे, की महाराज त्या पिंजऱ्यात कधीच उभे राहणार नाहीत. चौकशीचा आयोग की गादी, असा पेच पडेल आणि फेब्रुवारी १९२६मध्ये ते गादी सोडतील. खटला व्हायचा तो होणार नाही. तुम्ही नुसती मान हलवता. नाही.

“बगा!” धनगर मांडीवर थाप मारतो. “राजा निर्दोष हाय म्हून!”

“बगा!” पाटील त्याच दमात ओरडतात. “मोठा हाय म्हून सुटला!”

दोघंही तुमच्याकडे बोट दाखवून आपापल्या बाजूचा साक्षीदार म्हणून तुमचं नाव घेतायत, आणि तुमचं नाव काय, हे अजून कुणी विचारलेलंच नाही.